आधी हिरडी, मग दात

साक्षगंधाचे फोटो पाहिले. साडी तुला फार शोभली. पण एवढ्या फोटोंत एकातही तुझे ओठ उघडलेले नाहीत, आणि त्याचं कारण मला विचारावं लागलं नाही. स्कूटीवरून पडलीस तेव्हा वरचा पुढचा दात गेला. त्या जागी आता काढता-घालता येणारा प्लास्टिकचा दात आहे. पलीकडच्या सुळ्याची हिरडी वर सरकून त्याचं पिवळसर मूळ दिसायला लागलंय. हे सगळं तू मान खाली घालून, ओठ मिटून झाकतेस. "ताई, लग्नाला पाच महिने आहेत. तेवढ्यात इम्प्लांट बसून जाईल ना?" एवढंच तू फोनवर हळूच विचारलंस. आजूबाजूला घरचे होते म्हणून पुढे बोलली नाहीस. ते बोलणं आता निवांत करू.

बसून जाईल. बसवून देणारेही भेटतील. पण तू एवढ्यात बसवू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. लग्नात चांगला तात्पुरता दात लावून उभी राहा, मोकळेपणानं हस, आणि कायमचा दात त्याच्या त्याच्या वेळेनं होऊ दे. मांडवाची तारीख भटजींनी काढली आहे. तुझ्या जबड्याला ती तारीख माहीत नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. माझाही वरचा पुढचा दात गेला होता, माझ्याही हिरडीवर टाळूतलं कलम लावलं आहे, आणि आज इथं कुडव्यात मला रोज भेटणाऱ्या बायकांनासुद्धा कोणता दात माझा आणि कोणता बसवलेला ते ओळखता येत नाही. त्याचं श्रेय मी दातापेक्षा हिरडीला देते. लॅबमधला कारागीर चिनी मातीचा दात कितीही सुंदर घडवेल. पण त्याच्यावरची गुलाबी कड शेजारच्या दातापेक्षा वर गेलेली असेल, तर दात लांबुडका दिसतो. दोन दातांमधली फट टोकदार हिरडीनं भरलेली नसेल, तर तिथं काळा त्रिकोण दिसतो. आणि हिरडी पातळ असेल, तर आतल्या धातूची राखाडी झाक बाहेर येते. समोरच्या माणसाला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याच्या डोळ्याला कळतं.

आता हाडाचं बघ. वरच्या पुढच्या दाताच्या ओठाकडच्या बाजूला जी हाडाची भिंत असते, ती बहुतेकांची एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. तिला रक्त मिळतं ते बरंचसं दाताच्या मुळाभोवतीच्या पडद्यातून. दात गेला की तो पडदा जातो, आणि भिंत विरघळायला लागते. दात काढल्यावर वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी साधारण निम्म्यानं कमी होते, आणि त्यातली मोठी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. हाड खाली बसलं की हिरडीही बसते, आणि जागेवर खळगा पडतो. बोट लावून बघ, तुझ्या ओठाच्या आत तो आता लागेल. त्या खळग्यात घाईनं इम्प्लांटचा स्क्रू बसवला, तर तो हाडात धरेलही, तू त्यानं ऊसही चावशील, पण हसताना दिसायला नको ते दिसेल. दाढेचं काम असतं तर मी तुला एवढं अडवलं नसतं.

या स्क्रूची गोष्टही ऐक, कारण तुला त्याची भीती वाटते असं वाटलं. स्वीडनचे ब्रोनेमार्क नावाचे संशोधक १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटेनियमची नळी बसवून रक्ताचा प्रवाह पाहत होते. काम झाल्यावर नळी काढायला गेले तर निघेना. हाड धातूला चिकटून वाढलं होतं. त्यातून पुढे १९६५ मध्ये गोथेनबर्गला गोस्टा लार्सन नावाच्या माणसाला असे पहिले दात बसवले. जन्मापासून त्याच्या जबड्यात दोष होता. तो २००६ मध्ये वारला, तेव्हाही ते टायटेनियम त्याच्या तोंडात काम करत होतं. चाळीस वर्षं! म्हणजे स्क्रू टिकतो का, हा प्रश्न कधीच मागे पडला. त्याच्याभोवतीची हिरडी कशी दिसते आणि किती वर्षं तशी राहते, हा आजचा प्रश्न आहे, आणि तुझाही तोच आहे.

दोन दातांमधल्या त्या टोकदार हिरडीचं एक मोजमाप आहे. अमेरिकेतल्या टार्नो नावाच्या दंतवैद्यांनी १९९२ मध्ये ते मांडलं. दोन दात जिथं एकमेकांना टेकतात तिथपासून खालच्या हाडापर्यंतचं अंतर पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर मधली जागा जवळजवळ सगळ्यांच्यात हिरडीनं भरलेली असते. सहा झालं की निम्म्याहून थोड्या जास्त ठिकाणी भरते, सातला त्याहून बऱ्याच कमी. एका मिलिमीटरचा हा फरक आहे. त्यांनी हे नैसर्गिक दातांवर मोजलं होतं, पण इम्प्लांटच्या बाजूलाही शेजारच्या दाताचं हाड कुठवर आहे यावरच सगळं अवलंबून असतं. म्हणून जो डॉक्टर तुझ्या शेजारच्या दातांचं हाड मोजल्याशिवाय "मॅडम, एकदम नॅचरल दिसेल" म्हणतो, त्याच्याकडून उठून ये. सीबीसीटी नावाचा स्कॅन करतात, त्यात जबड्याची जाडी कळते. तो आधी, पैशांची बोलणी नंतर.

आता हिरडीचं कलम. तू जास्त घाबरतेस ते याला, म्हणून जरा सावकाश सांगते.

टाळूच्या बाजूला, सुळ्यापासून पहिल्या दाढेपर्यंतच्या पट्ट्यात, वरच्या कातडीखाली घट्ट तंतूंचा थर असतो. बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन तिथून एक-दीड मिलिमीटर जाडीची छोटी पट्टी काढतात. मग जिथं हिरडी कमी आहे तिथं हिरडीत खिसा करून ती आत सरकवतात, वरून तुझीच हिरडी ओढून झाकतात आणि केसासारख्या बारीक धाग्यानं टाके घालतात. बर्टन लँगर आणि लॉरीन लँगर यांनी १९८५ साली ही पद्धत लिहून मांडली, आणि दिसण्याच्या जागेसाठी आजही तिचंच नाव आधी घेतात. कारण वरची कातडी तुझ्या हिरडीचीच राहते, रंग जुळतो. जुनी एक पद्धत आहे, त्यात टाळूची कातडीसकट पट्टी वरून लावतात. ती मजबूत होते, पण फिकट ठिगळासारखी दिसते. ती खालच्या दातांना, मागच्या बाजूला चांगली. पुढच्या दाताला तीच सुचवली तर का म्हणून विचार.

आपल्याकडच्या मुलीला हे समजायला रोवणीपेक्षा सोपं काही नाही. वाफ्यातून उपटलेला भाताचा परा बांधीत लावला की पहिले काही दिवस तो मलूल, पिवळा दिसतो. बांधीत पाणी धरून ठेवलं आणि कोणी हलवला नाही, तर तो मूळ धरतो. कलमाचंही तसंच. पहिले दोन-तीन दिवस त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, भोवतीच्या ओलाव्यावरच ते जगतं. मग हळूहळू नव्या वाहिन्या जुळतात. त्या दिवसांत कलम पांढरट, मग लालभडक, कधी जांभळट दिसतं. घाबरायचं नाही, आणि आरशासमोर ओठ ओढून ओढून बघायचं तर मुळीच नाही. या ओठ ओढण्यानं आणि जीभ लावण्यानं कलम हलून वाया जाऊ शकतं.

दुखतं का? खरं सांगते, जिथं कलम लावलं तिथं मला फारसं दुखलं नाही. टाळू मात्र दुखते. गरम पिठलं चुकून लागल्यावर जशी पोळते, तशी काही दिवस पोळलेली राहते. त्यावर एक पातळ पारदर्शक पट्टी बसवून देतात. ती मागून घे. हातातलं रक्त काढून, यंत्रात फिरवून त्याचा जो घट्ट भाग होतो, तोही काही ठिकाणी टाळूच्या जखमेवर ठेवतात, त्यानं भरायला मदत होते. दोन ते चार आठवड्यांत टाळू पुन्हा पहिल्यासारखी होते. टाके दहा-चौदा दिवसांनी काढतात. तोवर त्या जागेवर ब्रश नाही. क्लोरहेक्सिडीनच्या पाण्यानं चूळ भरायची, त्यानं दातांवर तपकिरी डाग पडतात, पण ते नंतर साफ करून निघतात. जेवण थंड आणि मऊ. आपल्या घरात पेज असतेच, आंबील असते, मऊ खिचडी असते, त्यामुळे उपाशी राहायची वेळ येत नाही. मुरमुरे, पापड, चिवडा, ठेचा बंद. आणि ऑपरेशन करून नागपूरहून परत येताना तर्री-पोह्यांचा वास आला तरी पुढे चाल.

तुझ्या सुळ्याचीही हिरडी अशीच झाकता येईल. किती झाकली जाईल ते तिथल्या दोन्ही बाजूंच्या हाडावर आहे. ते शाबूत असेल तर उघडं मूळ पूर्ण झाकण्याची आशा धरता येते, नसेल तर थोडंच झाकलं जातं. पण त्याआधी ती हिरडी वर का सरकली, ते थांबायला हवं. तू ब्रश कसा करतेस ते मी पाहिलंय. भांडं घासावं तशी आडवी घासतेस, कडक ब्रशनं. पातळ हिरडीला तेवढं पुरतं. मऊ ब्रश घे, हिरडीकडून दाताकडे हलक्या हातानं फिरव.

आणि दुसरं कारण आपल्या दोघींनाच माहीत आहे. गुडाखू. आपल्या भागात किती घरांत ते आहे, आणि बायका किती गुपचूप करतात, हे आपण लहानपणापासून बघतो आहोत. पुरुषांचा खर्रा पानठेल्यावर सगळ्यांसमोर घोटला जातो, म्हणून त्यावर सगळे बोलतात. बाईची गुडाखूची डबी चुलीमागं असते, म्हणून कोणी विचारत नाही. काकूंना बघून तूही शाळेत असल्यापासून बोटानं लावायला लागलीस. सकाळी ते केल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, हे सगळं मला माहीत आहे. पण ते तंबाखूच आहे, गुळाच्या काकवीत मळलेलं. रोज त्याच जागी बोटानं चोळलं की हिरडी झिजते, आणि त्यातलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. ज्या कलमाला पहिल्या आठवड्यात रक्त मिळण्यावरच जगायचं आहे, त्याला पुरेसं रक्तच मिळत नाही. इम्प्लांटचंही तेच, तंबाखूवाल्यांच्यात ते जास्त निकामी होतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण बंदीनं कोणाची सवय जात नाही, ते तूही बघतेस.

म्हणून दोन गोष्टी कर. डॉक्टरांनी विचारलं की खरं सांग. माझ्यासमोर सांगायला लाज वाटली तर मी बाहेर थांबेन. आणि ऑपरेशनच्या निदान काही आठवडे आधीपासून बंद कर, नंतर परत धरू नकोस. एका दिवसात सुटणार नाही. सकाळी ती वेळ आली की कोमट पाणी पी, चालायला निघ, मला फोन कर. मी पहाटे उठलेलीच असते. जमत नसेल तर सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन मिळतं, तिकडे जाऊ. लग्नानंतर नव्या घरात डबी लपवत जगण्यापेक्षा हे आत्ताच झालेलं चांगलं.

सिकलसेलचंही विसरू नकोस. आपल्या पूर्व विदर्भात तो आजार किती आहे ते तुला सांगायला नको, कितीतरी घरांत कोणी ना कोणी वाहक आहे. तुझी शाळेत तपासणी झाली होती, ते कार्ड शोधून ठेव. नुसती वाहक असशील तर अशा छोट्या ऑपरेशनला सहसा अडचण येत नाही, पण दंतवैद्याला माहीत असायलाच हवं. आजार असेल, तर आधी फिजिशियनचा सल्ला, भरपूर पाणी, उपाशीपोटी न जाणं, आणि नंतर जंतुसंसर्ग होऊ न देणं हे सगळं फार काटेकोर सांभाळावं लागतं. कार्ड सापडत नसेल तर केटीएस रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजमध्ये रक्त पुन्हा तपासून घे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, एवढ्यासाठी नागपूर गाठायची गरज नाही. त्याच रक्तात साखरही बघून घे. काकाजींना मधुमेह आहे, आणि साखर वाढलेली असली तर हिरडी नीट भरत नाही.

आता लग्नाचं. तुझ्या मनात खरं काय आहे ते मला वाटतं असं आहे, की सासरी कळायच्या आत दात बसून जावा. होणाऱ्या जावयांनी तुला ओठ मिटूनच पाहिलंय. त्यांना ठाऊक नाही. अगं, त्यांना सांगून टाक. अपघातात दात गेला, यात लपवण्यासारखं काय आहे? हा काही दोष नव्हे, आजार नव्हे. लपवलंस तर पहिल्याच महिन्यात रात्री तो प्लास्टिकचा दात काढून वाटीत ठेवताना तुझा जीव जाईल, आणि ज्या माणसाशी सगळं बोलायचं त्याच्याशीच पहिली गोष्ट लपवलेली असेल. सांगितलंस, तर पुढच्या वर्षभरात नागपूरच्या फेऱ्यांना तेच तुझ्याबरोबर येतील. दातावरून ज्याचं मन बदलेल, त्याचं ते आत्ताच कळलेलं बरं. तुला अवघड जात असेल तर मी त्यांच्या बहिणीशी बोलते, पण माझं मन म्हणतं तूच बोलावंस.

लग्नासाठी करायचं ते असं. सध्याचा काढता-घालता दात हिरडीवर दाबतो. तो तसाच ठेवला तर मधल्या टोकदार हिरड्या आणखी चेपतात, आणि कलम केल्यावर तर तो त्यावर अजिबात टेकायला नको. त्याऐवजी शेजारच्या दातांना मागून चिकटवलेला दात करून मिळतो, मेरीलँड ब्रिज म्हणतात. शेजारचे दात जवळजवळ घासावे लागत नाहीत, हिरडीवर दाब येत नाही, काढायचा प्रश्न नाही. फोटोत तो छान दिसतो. त्यानं ऊस, पेरू, हाडं तोडायची नाहीत एवढंच. काहींचा तर तो वर्षानुवर्षं टिकतो आणि इम्प्लांटची गरजच भासत नाही. तेही एक उत्तर आहे, कमीपणाचं नाही. कोणाचं वय कमी असेल तर तेच योग्य असतं, कारण जबड्याची वाढ पुरी होण्याआधी इम्प्लांट बसवलं तर बाकीचे दात वाढीबरोबर सरकतात आणि ते एकटं मागे राहतं. तू तेवीसची आहेस, तुला ती अडचण नाही. पण तुझ्या शाळेतल्या एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीला कोणी घाई करत असेल तर तिला हे सांग.

लग्नानंतर मग खरं काम. हाडाची भर लागेल असं मला वाटतं. ती भरून यायला चार-सहा महिने, मग इम्प्लांट, त्याच वेळी किंवा नंतर हिरडीचं कलम, वरच्या जबड्यात हाड धरायला आणखी तीन ते सहा महिने. त्यानंतर तात्पुरता दात स्क्रूवर बसवतात आणि त्याचा आकार थोडा थोडा बदलत हिरडीला वळण देतात. हा टप्पा बरेच जण टाळतात, आणि इथंच काम बिघडतं. हिरडीची कड शेजारच्या दाताशी जुळली, काही आठवडे तशीच राहिली, की मगच कायमच्या दाताचं माप द्यायचं. सगळं मिळून वर्ष, कधी सव्वा वर्ष. त्याला "एवढा वेळ कशाला" म्हणणारे घरात निघतील. त्यांना माझ्याकडे पाठव.

एक गोष्ट काकू तुला लाजून सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. मूल कधी हवं, याचा विचार यात धरा दोघांनी. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात, रक्त येतं, आणि अशी पुढे ढकलता येणारी ऑपरेशनं त्या काळात करत नाहीत. दात साफ करून घेणं चालतं, ते करावंही. पण अर्ध्यावर काम असताना दिवस गेले तर सगळं थांबतं. थांबलं तरी बिघडत नाही, चिकटवलेला दात आहेच. फक्त आधी ठाऊक असावं.

कुठं जायचं? हिरडीच्या कामाचे वेगळे तज्ज्ञ असतात, पेरिओडॉन्टिस्ट, आणि वरचा दात घडवणारे प्रॉस्थोडॉन्टिस्ट. पुढच्या दाताला दोघं मिळून काम करणारे हवेत. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे, मेडिकल कॉलेजच्या आवारात. तिथं खर्च कमी, वेळ जास्त, आणि शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. मला ते आवडतं, कारण ते घाई करत नाहीत आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवतात. वर्ध्याजवळ सावंगीला शरद पवार दंत महाविद्यालय आहे. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूर करून वर्ध्यालाही जाते, त्यामुळे दोन्हीकडे गाडी बदलावी लागत नाही. खासगीत जायचं असेल तर जा, पण तिथं आधी त्यांनी केलेल्या पुढच्या दातांचे फोटो मागून बघ. त्यातही काम झाल्याच्या दिवसाचे सोडून दे, दोन-तीन वर्षांनंतरचे माग. आणि फोटोत दात बघू नकोस, हिरडीची कड बघ.

पैशांचं लेखी घे. स्क्रू, त्यावरचा जोड, वरचा दात, हाडाची भर, कलम, तात्पुरता दात, हे सगळं त्यात आहे की वेगवेगळं, ते आधीच लिहून घ्यायचं. स्वस्त जाहिरातीत बहुधा नुसत्या स्क्रूची किंमत असते. वरचा दात स्क्रूनं आवळलेला की सिमेंटनं चिकटवलेला, तेही विचार. सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला तर तिथं सूज येते आणि हाड खायला लागतं, म्हणून जमेल तिथं स्क्रूचाच बरा. इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचं नाव, माप आणि क्रमांकाचं स्टिकर असतं. ते मागून फाइलीत चिकटव. दहा वर्षांनी तू पुण्याला असशील किंवा रायपूरला, आणि आतला स्क्रू ढिला झाला, तर त्या स्टिकरवाचून तिथल्या डॉक्टरला कोणती किल्ली लागेल ते कळणार नाही.

आणि बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या, तासाभरात "फिक्स दात" लावून देणाऱ्याकडे जाऊ नकोस, कोणी कितीही सांगितलं तरी. ते प्लास्टिकचा लगदा शेजारच्या दातांना आणि हिरडीला चिकटवून टाकतात. त्याखाली अन्न सडतं, वर्षा-दोन वर्षांत शेजारचे चांगले दात हलायला लागतात. आपल्या ओळखीतल्या किती बायकांचे असे गेले! दंतवैद्यांसाठी १९४८ पासून कायदा आहे, नोंदणी असल्याशिवाय हे काम करता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारायला लाजायचं नाही.

इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून ते साफ करायचं नाही असं नसतं. त्याच्याभोवतीची हिरडी सुजली तर हाड दाताच्या मानानं लवकर जातं, आणि बरेचदा दुखतही नाही. छोटा ब्रश मिळतो दातांच्या फटीतला, तो रोज. दर सहा महिन्यांनी तपासणी, आयुष्यभर.

घरात लहान मुलं आहेत म्हणून एवढं अजून. पडून पक्का दात मुळासकट निसटला, तर मुळाला हात लावायचा नाही. वरच्या पांढऱ्या भागाला धरायचं, मळला असेल तर पाण्याखाली क्षणभर धुवायचा, घासायचा नाही, आणि तिथल्या तिथं खोबणीत बसवून रुमाल चावायला द्यायचा. जमत नसेल तर थंड दुधात टाकायचा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडं न्यायचा. असा दात पुष्कळदा जगतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. तुझ्या वेळी रस्त्यावरच्या कोणाला हे माहीत नव्हतं. शाळेत शिकवतेस, तर मुलांना आणि बाकीच्या शिक्षकांना हे नक्की सांग.

येत्या रविवारी कुडव्याला माझ्याकडं ये. अपघातानंतरचे एक्स-रे, सिकलसेलचं कार्ड आणि आत्ताचा तो प्लास्टिकचा दात घेऊन ये. त्याआधी जावयांशी बोलून घे. नागपूरची तारीख मी घेते, आणि पहिल्या वेळी मीच तुझ्याबरोबर येते.